फुल फॉर्मवाले मेहेरकाका

आमच्या कारखान्याच्या स्टोअरला एक खिडकी आहे. हातभर रुंद, तिला लोखंडी गज, आणि खाली लोकांची कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेली एक फळी. या खिडकीतून हेल्मेटपासून पंपाच्या सुट्या भागांपर्यंत काहीही मिळायचं. अट एकच. वस्तूचं नाव पूर्ण घ्यायचं. आद्याक्षरं चालायची नाहीत.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतली माझी ती पहिलीच नोकरी आणि नोकरीचा पहिलाच दिवस. कागदपत्रांच्या विभागात, म्हणजे कारखान्यातल्या सगळ्या नियमपुस्तिका, तक्ते आणि नोंदी सांभाळण्याचं काम. पण कारखान्यात पाऊल टाकायचं तर आधी सुरक्षेची साधनं घ्यायला हवीत, म्हणून मला खिडकीवर पाठवलं होतं.

"पीपीई हवंय," मी म्हणाले.

गजांपलीकडचे गृहस्थ चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत राहिले.

"कोण?"

"पीपीई."

"तो या पाळीला नाय," ते म्हणाले आणि पुन्हा रजिस्टरात डोकं घातलं.

माझ्यामागे रांग होती. रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. मी घाबरून, आठवून आठवून म्हणाले, "पर्सनल... प्रोटेक्टिव्ह... इक्विपमेंट."

"हां, आसं बोला. आता त्यात काय काय देऊ?"

"म्हणजे... ते सगळं असतं ना, ते."

"सगळं म्हंजे काय? नावं घ्या."

मी नावं घेतली. हेल्मेट, बूट, चष्मा. ते थांबले होते. "हातमोजे," मी म्हणाले. ते तरी थांबलेलेच. शेवटी त्यांनी आपल्या कानाच्या पाळीला बोट लावलं, तेव्हा मला कानात घालायची बोंडं आठवली.

"बगा," सगळा ढीग फळीवर ठेवत ते म्हणाले, "तीन अक्षरं बोलून गेला असतात तर कान उघडे ठेवून गेला असतात."

हे मोरेश्वर मेहेर. सगळा कारखाना त्यांना मेहेरकाका म्हणायचा आणि पाठीमागे 'फुल फॉर्म'. अंगाने बारीक, रंगाने पक्के, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. गाव दांडी, नवापूरच्या पलीकडे, समुद्रालगत. घराणं मच्छीमारांचं. थोरल्या भावाची बोट आहे, चुलत्यांच्या बोटी आहेत. हे मात्र बोटीवर चढले की तासाभरात पोटातलं सगळं दर्याला परत करायचे. "आमच्या बापसानं तीन वर्सं वाट बगितली," ते सांगायचे, "मग बोलला, तुला दर्या घेत नाय, तू कंपनीत जा." तेव्हापासून ते या खिडकीमागे होते.

खिडकीवरचे संवाद ऐकणं हा आमच्या जेवणाच्या सुट्टीतला करमणुकीचा कार्यक्रम होता. सालवडला राहणारा सुरेंदर नावाचा एक कामगार होता, बॉयलरवरचा. मनाने साधा, आवाजाने दांडगा. तो यायचा आणि ओरडायचा, "चाचा, एनआरव्ही दे दो!"

"एनआरव्ही मतलब?"

"अरे चाचा, एनआरव्ही मतलब एनआरव्ही. पाइप में लगता है."

"पाइप में तो पानी बी लगता हाय. क्या करता हाय वो?"

सुरेंदर विचारात पडायचा. मग हाताने दाखवायचा. "ऐसे जाने देता है. वापस नहीं आने देता."

"हां! तो बोल, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. गया सो गया, वापस नय आता. समजा क्या?"

मेहेरकाकांचं हिंदी आमच्या बोईसरच्या स्टेशनाबाहेर बोललं जातं तसंच होतं. पण सुरेंदरला ते समजायचं आणि पुढच्या खेपेला तो नाव पूर्ण घ्यायचा. चुकला तर स्वतःच हसायचा.

साहेब लोकांनाही सूट नव्हती. एकदा आमच्या प्लांट मॅनेजरांनी फोन करून सांगितलं, "मेहेर, ती एमआयएस लगेच पाठवा." पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "साहेब, एमआयएस दोन हायेत. मटेरियल इश्यू स्लिप पायजे का मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिमचा तक्ता?" साहेब वैतागले. म्हणाले, अहो, नेहमीची. मेहेरकाकांनी दोन्ही पाठवल्या आणि वर चिठ्ठी लावली: 'यातली नेहमीची कोणती ते कळवावे.' मग कळलं की साहेबांना तिसरंच काहीतरी हवं होतं आणि त्याचं नाव त्यांना स्वतःलाच धड आठवत नव्हतं.

याहून मजा झाली ती कॅन्टीनवाल्या पाटलांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी. पाटील पत्रिका वाटत टेबलामागून टेबल करत मेहेरकाकांपाशी आले. काकांनी पत्रिका उघडली, बोट ठेवून वाचू लागले आणि दुसऱ्या ओळीवर थांबले.

"चि. सौ. कां.," ते म्हणाले. "पाटील, कां. म्हंजे काय?"

सगळं कॅन्टीन त्यांच्याकडे बघू लागलं. पाटील हसले, मग हसायचे थांबले. "ते... लिवतात तसं सगळ्यांच्या पत्रिकेत."

"लिवतात ते मला दिसतंय. म्हंजे काय?"

"कां. म्हणजे... कांचन असंल."

"पोरीचं नाव सुवर्णा हाय तुझ्या."

एक जण म्हणाला कांता. एक म्हणाला कान्हा. शेवटी मेहेरकाकांनीच सांगितलं, "कांक्षिणी. सौभाग्यकांक्षिणी. सौभाग्याची इच्छा करणारी. आरे, पोरगी सासरला चालली नि तिला पत्रिकेत काय म्हणलंयस ते बापाला ठावं नाय?" पाटलांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. त्यांनी पत्रिका परत हातात घेतली आणि ती ओळ पहिल्यांदा वाचावी तशी वाचली. त्या दिवशी काकांना भजी फुकट मिळाली.

या हट्टामागचा त्यांचा विचार त्यांनी मला एकदा सांगितला होता. "आखूड बोललं का बोलणाऱ्याला वाटतं, मला कळतंय. ऐकणाऱ्याला वाटतं, त्याला कळतंय म्हंजे मलाबी कळायला पायजे. मग दोगं मान हलवतात. नि माल भलताच जातो."

माणूस मोकळा होता, पण एक गोष्ट लोकांना खटकायची. पाळी सुटली की मेहेरकाका एक मिनिट थांबायचे नाहीत. कुणाचा वाढदिवस असो, कुणाला मुलगा झाल्याचे पेढे असोत, हे पिशवी काखेत मारून फाटकाबाहेर. "फुल फॉर्मला चहा पण अर्धा चालत नाही," असं आम्ही म्हणायचो.

माझा आणि त्यांचा खरा संबंध आला तो ऑडिटमुळे. आमचा एक मोठा परदेशी ग्राहक दरवर्षी आपला माणूस तपासणीला पाठवतो. त्या वर्षी त्या माणसाने आमची सुरक्षा पुस्तिका चाळली आणि अहवालात एक वाक्य लिहिलं: या पुस्तिकेत संक्षेप फार आहेत, त्यांची सूची कुठेच नाही, पुढच्या भेटीआधी ती करावी. साहेबांनी अहवाल माझ्या टेबलावर ठेवला. "दोन कॉलमचा तक्ता. वर्डमध्ये. चार दिवसांचं काम आहे."

मला दोन दिवसांतच कळलं की ते चार दिवसांचं काम नव्हे. पुस्तिका दोनेकशे पानांची, वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेली. ज्याने लिहिलं त्याला अर्थ ठाऊक, आणि तो नोकरी सोडून गेलेला. मी विभागाविभागांत हिंडून विचारत होते. लोक म्हणायचे, "अगं, ते तर सगळ्यांना माहितीय." मग मी म्हणायचे, "सांगा." मग ते म्हणायचे, "थांब, विचारून सांगतो."

आणि एक शब्द काही केल्या सुटेना. पुस्तिकेत लिहिलं होतं की धोक्याचा भोंगा वाजल्यावर सर्वांनी जमायच्या जागा तीन. एक मुख्य फाटकाजवळ, दुसरी कॅन्टीनच्या पटांगणात आणि तिसरी, टीबीसी. टीबीसी आम्हा सर्वांना माहीत होतं. मागच्या फाटकाशी बदामाचं झाड आहे, त्याच्या खाली पत्र्याची पाटीच होती पिवळ्या रंगात, 'टीबीसी'. दर सरावात निम्मा कारखाना तिथे जमायचा. पण टीबीसी म्हणजे काय? सुरक्षा रक्षक म्हणाला, "ट्री, बॅक... साइड." सी कुठून आला ते त्याला सांगता येईना.

मी खिडकीवर गेले. मेहेरकाका ऐकून इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

"बाय, ती पुस्तिका टाइप केली तवा मी होतो. तिसरी जागा कंची ते साहेबांचं ठरत नव्हतं. टाइप करणाऱ्यानं लिवलं, टु बी कन्फर्म्ड. अजून ठरायचं हाय. मग रंगारी आला. त्यानं पुस्तिकेत बगून पाटी रंगवली."

म्हणजे इतकी वर्षं, भोंगा वाजला की निम्मा कारखाना 'अजून ठरायचंय'पाशी धावत जाऊन उभा राहत होता.

मी साहेबांकडे गेले आणि सांगितलं, या कामाला मला मेहेरकाका हवेत. साहेबांनाही बदामाची गोष्ट ऐकून हसू आवरेना. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तीन ते चार स्टोअरची खिडकी बंद राहू लागली. तिच्यावर काकांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: 'वस्तूवाटप बंद आहे. कारण, शब्दसूची.'

त्यांना संगणक येत नव्हता. स्टोअरमध्ये होता, पण त्यावर नोंदी त्यांचा मदतनीस करायचा. माझ्याशेजारी खुर्ची ओढून ते बसायचे आणि उजव्या हाताच्या एका बोटाने, मासा टोचून बघावा तसं एकेक अक्षर टोचायचे. "हा एफ कुठं ठेवलाय यांनी? बाराखडीप्रमाणं का नाय लावली?" पण आठवड्याभरात ते तक्ता करायला शिकले. रकाना रुंद करायला, ओळ वाढवायला, अक्षर मोठं करायला शिकले. वर्णानुक्रमाने लावायची सोय पाहिली तेव्हा तर ते खुर्चीतून उठलेच. सगळ्या ओळी एका क्षणात आपापल्या जागी जाऊन बसल्या होत्या. "मराठी पण लागतं आसं?" त्यांनी विचारलं. "लागतं," मी म्हणाले. त्यांनी ते आपल्या खिशातल्या वहीत टिपून घेतलं, कुठली कळ आधी, कुठली नंतर, सगळं.

मग एका दुपारी मी चहा घ्यायला गेले आणि घात झाला. काकांना मी शब्द शोधून बदलायची युक्ती दाखवली होती. त्यांच्या मनात आलं, सूची कशाला, संक्षेपच काढून टाकू आणि सगळीकडे पूर्ण शब्द घालू. सुरुवात केली पीआयपासून. पीआय म्हणजे प्रेशर इंडिकेटर. 'सगळे बदला' दाबलं. संगणकाने पुस्तिकेत जिथे जिथे पी आणि आय शेजारी दिसले तिथे तिथे प्रेशर इंडिकेटर घातला. पाइपात घातला, पिस्टनात घातला. मी परत आले तेव्हा काका पडद्याकडे डोळे फाडून बघत होते. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं की जखमी व्यक्तीला ताबडतोब हॉसप्रेशरइंडिकेटरटलमध्ये हलवावे.

"बाय," ते हळूच म्हणाले, "कायतरी बिगडलं."

मी मागे घ्यायच्या दोन कळा दाबल्या. हॉस्पिटल पुन्हा हॉस्पिटल झालं.

"हे काय केलंस?"

"अनडू. झालेलं मागे घेता येतं. फाइल बंद करायच्या आत मात्र."

"फाइल बंद करायच्या आत," ते म्हणाले आणि त्या दोन कळांकडे जरा वेळ बघत बसले. मग वहीत तेही टिपून घेतलं.

तक्ता वाढत गेला तसा काकांनी एक हट्ट धरला. दोन रकाने पुरणार नाहीत. संक्षेप आणि त्याचं इंग्रजी पूर्ण रूप देऊन काय उपयोग? ज्याला हेल्मेट घालून आत जायचंय त्याला कळायला हवं. तिसऱ्या रकान्यात साध्या मराठीत आणि चौथ्यात हिंदीत अर्थ हवा. साहेबांनी साफ नकार दिला. "ऑडिटरला मराठी येत नाही. दोन रकाने द्या आणि संपवा." मलाही मनातून तेच बरं वाटत होतं. काम लांबत चाललं होतं.

ते मत बदललं ते जानीमुळे.

जानी आमच्या मजल्याची झाडलोट करायची. बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरची, चाळिशीची, अबोल. सकाळी पावडर पॅकिंगमध्ये काम आणि दुपारी आमच्याकडे झाडू. एका दुपारी ती झाडता झाडता आमच्या मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर मोठमोठ्या अक्षरांतला तक्ता होता.

"काका," ती म्हणाली, "यात माजं हाय का बगा ना." आणि कमरेच्या पिशवीतून घडी घालून घालून मऊ झालेली एक चिठ्ठी काढली.

कारखान्यात सगळ्या कामगारांची तपासणी झाली होती, त्या वेळची चिठ्ठी. वर तिचं नाव. खाली इंग्रजीत एकच ओळ, तीही सगळी आद्याक्षरांत.

"हे काय वाटलं तुला?" काकांनी विचारलं.

"माना वाटलं हजेरीचा नंबर हाय. जपून ठेवला. दोन म्हयने झाले."

डॉक्टरांच्या चिठ्ठीतलंही अक्षर न् अक्षर विचारून घेणारे काका. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता.

"जानी, हा नंबर नाय. यात लिवलंय, श्वासाची तपासणी बरोबर नाय आली, एका म्हयन्यात डॉक्टरला परत दाखव. तुला दम लागतो काय?"

जानीने मान खाली घातली. "चढावर लागतो. सगळ्यांनाच लागतो ना?"

काका उठले. कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, आणि तो त्यांचा दिवस होता. काका जानीला घेऊन चालू लागले. मीही गेले. डॉक्टर भले होते. चिठ्ठी बघून ते म्हणाले, "अहो, मी तर तेव्हाच लिहिलं होतं."

"लिवलं होतं साहेब," मेहेरकाका म्हणाले. "सांगितलं नव्हतं."

डॉक्टरांनी राग मानला नाही. त्यांनी तिथल्या तिथे तिला तपासलं, पालघरला छातीच्या फोटोसाठी पाठवलं. पावडरच्या धुळीचा त्रास होता. वेळेत लक्षात आलं, औषधाने बरं होईल, पण तिने पुन्हा पॅकिंगमध्ये जायचं नाही. जानी पाटलांच्या कॅन्टीनमध्ये गेली. पावसाळा संपेपर्यंत तिचा दम पुष्कळ कमी झाला. ती मला वाढायला लागली की भात जास्त पडायचा.

साहेबांकडे या वेळी मी गेले, काका नाहीत. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि तिसऱ्या-चौथ्या रकान्याबद्दल पुन्हा विचारलं. साहेब बराच वेळ ती मऊ झालेली चिठ्ठी उलटीसुलटी करत होते. "करा," ते म्हणाले. "आणि आरोग्य तपासणीचे शब्दही घ्या त्यात."

मराठी आणि हिंदी अर्थ काकांनी सांगितले, मी टाइप केले. ते शब्दकोशातले अर्थ नव्हते. एलओटीओ म्हणजे लॉकआउट टॅगआउट, यंत्र दुरुस्तीला घेतलं की ते चुकून कुणी सुरू करू नये म्हणून करायची तजवीज. मी लिहिलं होतं, 'ऊर्जास्रोत विलग करण्याची कार्यपद्धती.' काकांनी ते वाचलं आणि म्हणाले, "हे आणकी आखूडच बरं होतं." मग त्यांनी सांगितलं, "लिव: कुलूप लावा, चिठ्ठी टांगा, चावी आपल्याच खिशात ठेवा."

पुढच्या भेटीला ऑडिटर आला तेव्हा तक्ता प्रत्येक विभागात भिंतीवर होता. त्याने चालता चालता एका कामगाराला थांबवलं आणि एलओटीओवर बोट ठेवून दुभाष्यामार्फत विचारलं, हे काय? तो कामगार नेमका सुरेंदर निघाला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"ताला लगाओ," सुरेंदर बॉयलरसमोर ओरडावं तसा ओरडला, "पर्ची टाँगो, चाबी अपनी जेब में! और चाबी साहब को भी नहीं देने का!"

ऑडिटर हसला आणि त्याने सुरेंदरशी हात मिळवला. तिसरी जागाही एकदाची ठरली, त्याच बदामाखाली. पाटी नव्याने रंगवली गेली. लोक अजून तिला टीबीसीच म्हणतात, तो भाग वेगळा.

त्याच वर्षअखेर मेहेरकाका निवृत्त झाले. कॅन्टीनमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. भाषण करा म्हटल्यावर म्हणाले, "मला बोलायची सवय नाय. मी नुसता विचारायचो." आणि पाच वाजता, ठरल्याप्रमाणे, निघाले. मी त्यांच्यासाठी सूचीची एक प्रत पुठ्ठ्याच्या बांधणीत करून घेतली होती, पहिल्या पानावर त्यांचं नाव घातलं होतं. ती माझ्या हातातच राहिली.

पुढच्या रविवारी दुपारी मी बोईसरहून रिक्षा केली आणि दांडीला गेले.

घर सापडायला वेळ लागला नाही. कौलारू, समोर सारवलेलं अंगण, अंगणापलीकडे काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले. ओटीवर खुर्चीत एक बाई बसल्या होत्या. नऊवारी नेटकी, कपाळावर मोठं कुंकू, केसांत अबोलीची वेणी. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला होता. त्यांनी मला पाहिलं, डाव्या हाताने बस अशी खूण केली आणि म्हणाल्या, "दा."

मला कळलं नाही. इतक्यात मेहेरकाका आतून आले. बनियन आणि हाफ पँट, हातात पिठाची परात. मला बघून ते गडबडले, परात ठेवली, शर्ट घालून आले आणि वरची गुंडी लावली.

"ही आमची मंडळी," ते म्हणाले. "आता 'दा' बोलली ना? दारात कोण आलंय, असं मला सांगत होती."

तीन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली. समजतं सगळं, पण बोलणं अडकतं. शब्दाचं पहिलं अक्षर तेवढं बाहेर येतं. आमच्यापैकी कुणाला, एवढ्या वर्षांत, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आम्ही चहावरून विनोद करत होतो.

"मी ड्यूटीला असलो का शेजारची कुंदा बसायची तिच्याजवळ," काका म्हणाले. "पण कुंदाला कळायचं नाय. ही पाणी मागायची, ती पापड तळून आणायची. म्हणून मग तुज्याकडनं शिकून ते केलं."

त्यांनी बोट दाखवलं तिकडे मी पाहिलं. काकींच्या खुर्चीमागे भिंतीवर चार कागद होते, प्लास्टिकच्या पिशव्यांत नीट घातलेले, कुंदालाही लांबून वाचता येतील इतक्या मोठ्या अक्षरांत. तीन रकान्यांचा तक्ता. अक्षर, पूर्ण शब्द, कधी. सगळं मराठीत आणि अगदी वर्णानुक्रमाने.

मी उठून मधूनमधून वाचू लागले.

'पा: पाणी. चारनंतर पान, सुपारी बारीक करून.'

'टी: टीव्ही. आवाज नको, नुसता चालू पायजे.'

'ना: नाय. हात पुढे केला तर नारळपाणी.'

'सु: सुकी मच्छी आत घ्या, ढग येतात. (बरोबर निघतं. आमच्या आधी तिला कळतं.)'

'हं: काय नको. जवळ बसा.'

त्यातली एक ओळ मात्र वेगळी होती. तिच्या दुसऱ्या रकान्यात काहीच लिहिलेलं नव्हतं.

'मो: ______. मला बोलवा. बंदरावर असलो तरी.'

"हे काय, काका?" मी विचारलं.

काकांनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि आवाज खाली आणला, पण काकींना ऐकू जाईल इतकाच.

"इस्पितळातनं घरी आणली, तवा पयलं अक्षर आलं ते हे. मो. मला वाटलं मोसंब मागते. बोईसरला जाऊन मोसंबी आणली. ती बोलली, ना. मग मोबाईल दिला हातात. ना. मोरी मासा आवडतो तिला, मोरीचं कालवण केलं, भरवायला घेतलं. तोंड फिरवलं. चार दिवस, बाय. घरात मो वरनं जेवढं काय होतं तेवढं सगळं तिच्यापुढं नेऊन ठेवलं. ती आपली डोक्याला हात लावायची. शेवटी कुंदा बोलली, आवो, तुमचं नाव हाय ते."

त्यांनी जवळची परात बाजूला सरकवली.

"मला कळणार कसं? पस्तीस वर्सांत कदी नाव घेतलंच नाय तिनं. 'आवो' नायतर 'ऐकता काय'. लग्नात उखाण्यात घेतलं आसंल एकदा, पण वाजंत्री जोरात होती. मला ऐकायला नाय आलं."

काकी आमच्याकडेच बघत होत्या. त्यांना सगळं समजत होतं, आणि आपल्याविषयी काय बोलणं चाललंय हे कळून त्यांनी पदर डाव्या हाताने तोंडाला लावला होता. लाजल्या होत्या त्या.

"मग ते रिकामं का ठेवलंत?" मी विचारलं. "पूर्ण नाव लिहा ना."

"लिवलं तर कुंदापण वाचंल, येणारा-जाणारा वाचंल," काका म्हणाले. "तेवढं राऊ दे."

मग आम्ही बोललो बाकीचं. जानी कशी आहे, सुरेंदर काय म्हणतो, खिडकीवर आता कोण बसतं. मी पुठ्ठ्याची प्रत दिली. काकांनी ती काकींच्या मांडीवर ठेवली, पहिल्या पानावरचं आपलं नाव त्यांना बोटाने दाखवलं आणि परात घेऊन आत गेले.

काकी बराच वेळ ते पान बघत होत्या. मग त्यांनी आतल्या बाजूला मान वळवली.

"मो," त्यांनी हाक मारली. आवाज मोठा नव्हता. परात ठेवल्याचा आवाज आला आणि काका पिठाच्या हातांनी तसेच बाहेर आले.

"काय गं?"

काकींनी डावा हात उचलला आणि माझ्या पुढ्यातल्या रिकाम्या कपाकडे बोट केलं.

"चहा आणकी दे म्हणते तुला," काका मला म्हणाले.

मी कप पुढे केला.